इनॉक हारलंडची न गळणारी पिंपं

समजा, तुम्हाला एक पिंप करायचंय. खिळा वापरायचा नाही, सरस वापरायचा नाही, आणि मोजपट्टी हातात धरलीत तर शेजारचा पिंपवाला तुमच्याकडे बघून थुंकेल. तुमच्यापुढे ओकच्या वीसेक फळ्या पडल्यात. प्रत्येक फळी मधे रुंद ठेवून दोन्ही टोकांना निमुळती करायची. तिच्या कडा अशा तिरप्या तासायच्या, की सगळ्या फळ्या गोलात उभ्या केल्यावर कडेला कड बसावी आणि मधून केससुद्धा जाऊ नये. तिरपेपणा किती ठेवायचा? ते डोळ्याने ठरवायचं. मग तो गोल एका कडीत उभा करून आत शेकोटी पेटवायची, लाकूड तापून नरम झालं की दोराने आवळत आवळत फळ्या वाकवायच्या, बाहेरून लोखंडी कड्या ठोकायच्या आणि दोन्ही तोंडांना झाकणं बसवायची. एक फळी नखाच्या जाडीइतकी चुकली, की सगळं मुसळ केरात.

जमलं? आता हेच काम डुलत्या जहाजावर करा. चहूकडे बर्फ, हातात लोकरी मोजे, आणि मागे चाळीस माणसं देवमाशाची चरबी कापून ढीग लावताहेत आणि पिंप कुठाय, पिंप कुठाय म्हणून तुमच्या नावाने बोंबलताहेत. तुमच्या हातून जे काही तयार होईल ते गळेल. इनॉक हारलंडचं गळत नसे.

इनॉक स्वतःही बुटका आणि मधे रुंद होता. व्हिटबीच्या धक्क्यावर लोक म्हणत, की देवाने त्याला घडवला आणि फक्त कड्या ठोकायच्या राहिल्या. तो ज्या जहाजावर पिंपवाला होता त्याचं नाव ‘पेशन्स’. जहाज गावातच बांधलेलं, पोटाला ऐसपैस आणि चालीला मठ्ठ. खलाशी तिला नुसतं ‘म्हातारी’ म्हणत. म्हातारीने आधी बारा वर्षं लंडनला कोळसा वाहिला. मग अमेरिकेत युद्ध सुरू झालं, तेव्हा सरकारने तिच्यातून पलटणीचे घोडे नेले. घोडे परत आले नाहीत, लीद मात्र बरीचशी आली. त्यानंतर मालकांनी तिच्या नाकाडाला दुहेरी लाकूड ठोकून तिला ग्रीनलंडकडे देवमाशांवर धाडलं, आणि त्याच वर्षी इनॉक तिच्यावर चढला.

अकरा वर्षं हाच क्रम. मार्चमध्ये बर्फाकडे जायचं, मासे मारायचे, चरबीचे तुकडे पिंपांत दाबून भरायचे, ऑगस्टमध्ये घरी आणायचे. वाटेतल्या उन्हात ती चरबी पिंपात काय काय उद्योग करी ते न सांगितलेलं बरं. मग बंदरावरच्या भट्ट्यांत ती कढवून तेल काढत. भट्ट्या पेटल्या की वरच्या माळावरची मेंढरं तोंड फिरवून उभी राहत. गावातली माणसं मात्र खुशाल जेवत. कारण व्हिटबीच्या धक्क्यावर जो दोन-तीन हंगाम काढतो, त्याचं नाक तेवढ्या वासापुरतं मरतं. त्याला गुलाब कळतो, शेण कळतं, देवमासा कळत नाही. आणि आपल्याला तो कळत नाही, हेही कळत नाही.

सतराशे अठ्ठ्याऐंशी साली म्हातारी लागोपाठ दुसऱ्यांदा एकही मासा न घेता परत आली. कॅप्टन स्केल्टनचा जहाजात हिस्सा होता, आणि तो माणूस कमी बोलणारा. त्याने सगळ्यांना डेकवर गोळा करून सांगितलं, की देवमासे बंद. यापुढे म्हातारी माल वाहील. इथून लोणी आणि हॅम लंडनला न्यायचं, तिथून मिळेल ते आणायचं. भालेकरी आणि वल्हेकऱ्यांपैकी जे राहू म्हणतील त्यांना साधे खलाशी म्हणून ठेवू. पिंपवाल्याविषयी तो काही बोलला नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. लोणी शेतकरीच पिंपांत भरून आणतात. माल वाहणाऱ्या जहाजावर पिंपवाला म्हणजे चर्चमध्ये न्हावी.

इनॉक घरी आला आणि बायकोला म्हणाला, की आता मी बाराही महिने घरी असेन. त्याला वाटलं होतं, ती निदान खोटं तरी हसेल.

डॉर्कस हारलंड डोंगराकडची, गवळ्याची मुलगी. नवऱ्यावर तिची माया होती, पण रिकाम्या बसलेल्या इनॉकचा तिला अनुभव होता. एका हिवाळ्यात भट्टीचं काम नव्हतं, तर त्याने घरातल्या सगळ्या वस्तूंना कड्या ठोकल्या होत्या. बादलीला, ताक घुसळायच्या भांड्याला, पाळण्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला, खुर्चीच्या चारही पायांना. शेवटी तो मांजराकडे विचार करत बघत होता तेव्हा मार्च लागला.

“सहा महिने तू मला आवडतोस, इनॉक,” ती म्हणाली. “सहाच.”

मग तिने रविवारची टोपी घातली आणि नवऱ्याला पुढे घालून कॅप्टनच्या दारात नेलं. बोलायचं त्यानेच होतं, ती नुसती मागे उभी राहिली, वाट अडवून.

इनॉकने आयुष्यात केलेलं सगळ्यात लांब भाषण ते. तो म्हणाला, की शेतकऱ्यांची पिंपं गळकी असतात. लोणी खारवून भरतात, वर मिठाचं पाणी ओततात, आणि लंडनला पोचेपर्यंत ते पाणी फटींतून निघून जातं. लोणी सुकतं, खवट होतं, आणि व्यापारी नाक मुरडतो. माझ्या पिंपातून थेंब जाणार नाही. म्हणजे माल चांगला पोचेल, आणि म्हणजे जहाजावर पिंपवाला पाहिजे.

कॅप्टन स्केल्टनने खिडकीबाहेर पाहिलं, मग डॉर्कसच्या टोपीकडे पाहिलं. “चाळीस कर,” तो म्हणाला. “लंडनच्या व्यापाऱ्याने चाळीसही घेतली तर तुझी जागा तुझी. एक जरी परत आलं तर हत्यारं उचलून खाली उतर.”

मुदत तीन आठवड्यांची होती. इथेच इनॉकची पंचाईत झाली. चांगलं ओक वर्षभर सुकवावं लागतं, आणि गावात सुकलेली फळी शिल्लक नव्हती. त्या रात्री त्याला झोप आली नाही, आणि सकाळी त्याने जो विचार केला तो अगदी शास्त्रशुद्ध होता. म्हणूनच तो भयंकर होता.

पिंप का गळतं? एक, जोड ढिले असतात. दोन, खुद्द लाकडाला बारीक छिद्रं असतात. जोडांचं इनॉक बघून घेणार होता. छिद्रांचं काय? तर भट्टीमागच्या आवारात चरबीची जुनी पिंपं रचून ठेवली होती, त्याच्याच हातची. अकरा वर्षं त्या लाकडाने तेल प्यालं होतं. एकेक छिद्र तेलाने गच्च बुजलं होतं. जगात इतकं न गळणारं लाकूड दुसरं नव्हतं, आणि ते फुकट पडून होतं. आपल्याला हे आधी का सुचलं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

त्याने पिंपं सुटी केली, फळ्या तासून लहान केल्या. तो स्वच्छतेचा माणूस होता, म्हणून फळ्या राखेच्या पाण्याने तीनदा घासल्या. पहिल्या दोनदा पाणी काळं झालं, तिसऱ्यांदा नुसतं तपकिरी. मग त्याने चाळीस लहान पिंपं उभी केली, आणि वर एक खलाशांसाठी. अशी देखणी पिंपं व्हिटबीत कुणी पाहिली नव्हती. काळपट, तुकतुकीत, जणू घासून पॉलिश केलेली.

कॅप्टनने परीक्षा घेतली. एक पिंप पाण्याने भरून तीन दिवस उलटं टांगलं आणि खाली कोरडा कागद पसरला. कागद कोरडाच राहिला. मग कॅप्टन रीतीप्रमाणे वासाचं बघू म्हणाला. त्याने स्वतः हुंगलं आणि मान हलवली. नेड टिंडल म्हणून भालेकरी होता, आता साधा खलाशी झालेला. त्याने तर खांद्यापर्यंत डोकं आत घातलं आणि आतूनच कळवलं, की लाकडाचा वास येतोय, थोडासा. जहाजावरच्या चौदा माणसांनी आळीपाळीने हुंगलं. चौदा जणांचं एकमत झालं. त्या चौदा जणांनी मिळून एकशे तीस हंगाम देवमाशांत काढले होते.

इनॉकने एक पिंप घरी नेऊन बायकोला दाखवलं, कारण लोण्यातलं तिला कळत होतं. डॉर्कसने झाकण काढलं, वाकली, सरळ झाली, आणि बराच वेळ नवऱ्याकडे बघत राहिली.

“याला तुझा वास येतोय,” ती म्हणाली.

इनॉकला भरून आलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण ती इतकं गोड कधी बोलली नव्हती. तिच्या कपाळाचं चुंबन घेऊन तो पिंप उचलून निघाला. डॉर्कस दारातच उभी राहिली. यापेक्षा स्पष्ट कसं सांगतात, हे तिला पुढे कितीतरी वर्षं समजलं नाही.

शेतकरी लोणी घेऊन धक्क्यावर आले तो दिवस भट्ट्या जोरात चालू असण्याचा होता. दुसऱ्या दोन जहाजांची चरबी कढत होती. डोंगराकडच्या बायका आधीच नाकाला फडकी लावून आल्या होत्या. त्यांनी आपलं पिवळंधमक लोणी काळ्या पिंपांत ठासून भरलं, मीठ-पाणी ओतलं आणि श्वास घ्यायला गावाबाहेर पळाल्या. कोणता वास कशाचा, हे वेगळं करायला तिथे कुणी थांबलं नाही.

लंडनला जायला आठ दिवस लागले. आचाऱ्याने खलाशांचं पिंप फोडलं, आणि सगळ्यांनी जवाच्या भाकरीवर लोणी थापून खाल्लं. नेडने चार खाल्ल्या आणि म्हणाला, की घरच्यासारखं लागतंय. इनॉक मात्र जेवायलाही वर येईना. तो चाळीस पिंपांमधे आडवा पडून कान देऊन ऐके. आठ दिवसांत एकदाही टप असा आवाज झाला नाही.

लंडनचा व्यापारी मिस्टर ग्रिबल हा उंच, फिकट आणि अतिशय सभ्य माणूस. त्याच्या नाकावर त्याचं घर चालत होतं. त्याच्याकडे एक लांब पोकळ सळई होती. ती पिंपात तळापर्यंत खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, की आत लोण्याची कांडी येते. ती नाकाखालून बासरीसारखी फिरवायची, आणि भाव ठरतो.

त्याने सळई खुपसली, काढली, नाकाखालून नेली. अर्ध्यावर तो थांबला. मग परत सुरुवातीपासून नेली, जणू आपलंच काही चुकलं असावं. मग त्याने सळई हळूच खाली ठेवली आणि दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला.

“यात काय मेलंय?” त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

कॅप्टनने सळई उचलून हुंगली आणि लोणी आहे म्हणाला. नेडने हुंगली आणि म्हणाला, लोणीच. इनॉकने हुंगली आणि अभिमानाने सांगितलं, की थोडं ओकही आहे. मिस्टर ग्रिबल आळीपाळीने तिघांकडे बघत होता. आपण शुद्धीवर आहोत की नाही, असा प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदाच पडला असावा. त्याने गोदामातल्या कारकुनाला बोलावलं. कारकून वीस पावलांवर आला आणि तिथूनच परत गेला. तेव्हा ग्रिबलला धीर आला.

“साहेब, थेंबही गळालेला नाही,” इनॉक कळवळून म्हणाला. “या पिंपात एकदा गेलेलं बाहेर येत नाही.”

“तीच तर माझी तक्रार आहे,” मिस्टर ग्रिबल म्हणाला.

त्याने चाळीस पिंपं उघडली आणि चाळीसही नाकारली. शेवटी त्याला विचारावं लागलं, की या लाकडात पूर्वी काय असायचं. इनॉकने खरं ते सांगितलं, त्यात लपवायचं काय आहे हेच त्याला कळत नव्हतं. मग मिस्टर ग्रिबलने शांतपणे, एखाद्या आजाऱ्याला सांगावं तसं, त्या तिघांना त्यांच्या नाकांविषयी सांगितलं. नेडने आधी हसून पाहिलं. मग त्याने आपली बाही हुंगली, मग टोपी, आणि नंतर तो संध्याकाळपर्यंत एकटाच जहाजाच्या टोकाला जाऊन बसला. परक्या बंदरांतल्या खानावळींत आपल्या आजूबाजूची टेबलं नेहमी रिकामी का होतात, याचा तो विचार करत असावा. अकरा वर्षं त्याची समजूत होती, की लोक भालेकऱ्याला घाबरतात.

कॅप्टन दिलेल्या शब्दाचा पक्का होता. त्याने इनॉकला सांगितलं, की शनिवारी एक कोळशाचं जहाज रिकामं परत जातंय, त्यात बस. इनॉकने हूं म्हटलं आणि आपली हत्यारं एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळायला घेतली. रंधा, वाकस, कड्या ठोकायचा हातोडा. बेचाळिसाव्या वर्षी माणसाला दुसरं काय शिकता येतं, आणि घरी कड्या न ठोकलेलं काही उरलंय का, हे दोनच प्रश्न त्याच्या डोक्यात होते. पिंपं धक्क्यावर तशीच पडून होती. ती हलवा म्हणून शेजारच्या चहावाल्या व्यापाऱ्याने दोनदा निरोप पाठवला.

शुक्रवारी दुपारी मिस्टर ग्रिबल स्वतः जहाजावर आला. तो नेहमीपेक्षा फिकट दिसत होता. त्याने सांगितलं, की सकाळी एक गाडी आली. तिच्यात तपकिरी कोटातला एक मध्यमवयीन माणूस, नीटनेटका, बोलायला मऊ. तो रस्त्याने जाता जाता थांबला होता. त्याने एका पिंपाचं झाकण काढून बराच वेळ हुंगलं. डोळे मिटून. मग किती आहेत असं विचारलं आणि चाळीसही घेतली, उत्तम लोण्याच्या भावाने, घासाघीस न करता. वसंतात आणखी साठ पाहिजेत म्हणाला. अट एकच: हात तोच आणि लाकूड तेच.

कॅप्टनने इनॉककडे पाहिलं, हत्यारांच्या गाठोड्याकडे पाहिलं, आणि पायाने ते गाठोडं परत आत सरकवलं.

इनॉकची जागा राहिली. पण माणूस असा विचित्र, की त्याला आनंद व्हायच्या आधी प्रश्न पडला. तो माणूस ते लोणी खाणार होता का? मिस्टर ग्रिबलला त्याने तसं विचारलंही.

“मी विचारलं नाही,” ग्रिबल म्हणाला. “काही उत्तरं माणसाला जन्मभर जेवताना आठवतात.”

तिथून पुढे म्हातारीचा धंदा या एका गिऱ्हाइकाभोवती फिरायला लागला. वसंतात साठ पिंपं गेली, शरदात साठ. सगळी उचलली गेली. त्याच्या पुढच्या खेपेला जुनं लाकूड संपलं, म्हणून इनॉकने निम्मी पिंपं स्वच्छ नव्या ओकची केली. ती तीस परत आली, सोबत चिठ्ठी: ‘हे ते नव्हे.’ कॅप्टनने मालकांची बैठक बोलावली. ठरलं ते असं, की म्हातारीने एक हंगाम पुन्हा ग्रीनलंडला जावं, मासा मिळाला तर उत्तमच, पण मुख्य म्हणजे लाकूड मुरवून आणावं. आता वर्षभरात लाकूड किती मुरणार? इनॉकने त्याचा हिशोब बसवला. फळ्या पातळ तासायच्या, उन्हाच्या बाजूला रचायच्या, चरबी दाबून भरायची. एका हंगामात त्याने अकरा वर्षांचा वास गाठला. ही त्याच्या कारागिरीतली सगळ्यात मोठी मजल, आणि तिची पारख त्याला स्वतःला करता येत नव्हती. त्यासाठी डॉर्कस होती. ती दारातूनच ‘अजून नाही’ किंवा ‘झालं’ म्हणून सांगे.

अशी दोन वर्षं लोणी आणि एक वर्ष देवमासे, दोन वर्षं लोणी आणि एक वर्ष देवमासे, असं चौदा वर्षं चाललं. इतर जहाजांचे मालक डोकं खाजवत. पेशन्स कधी मालाचं जहाज असे, कधी देवमाशांचं, आणि मधेच धंदा का बदलते हे कुणाला सांगता येत नसे. सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता.

तो माणूस कोण, यावर जहाजावर प्रत्येकाचं मत होतं. नेड म्हणे, गाड्यांच्या आसांना लावत असणार. कॅप्टनला साबणाचा संशय होता. आचारी म्हणे, थोरामोठ्यांच्या घरी पक्षी कुजेपर्यंत टांगून मग खातात, तसलंच काहीतरी. डॉर्कसचं म्हणणं, आपल्याकडचाच कुणीतरी असेल. लंडनला राहून नाक परत जिवंत झालं असेल, आणि मग त्याला घर आठवलं असेल. इनॉकला हे मत सगळ्यात आवडे, म्हणून त्यावर त्याचा सगळ्यात कमी विश्वास होता. एवढा भाव देऊन माणूस घर कशाला हुंगेल?

एकदा त्याने छडा लावायचं ठरवलं. एक मोठं पिंप केलं, त्यात स्वतः बसला, आणि नेडला झाकण लावायला सांगितलं. बेत असा, की गाडीतून थेट त्या माणसाच्या घरी उतरायचं. पण पिंप इनॉकचं होतं. आत हवा जाईना आणि बाहेर आवाज येईना. गाडी यायच्या आधीच नेडला सहज ठोकून बघावंसं वाटलं म्हणून बरं, नाहीतर गिऱ्हाइकाला त्या खेपेला वेगळाच माल गेला असता. इनॉक निळा पडून बाहेर आला. पहिला श्वास घेतल्यावर तो म्हणाला, “जोड बघितलास?”

अठराशे चारमध्ये म्हातारीची कंबर गेली. मालकांनी तिला नदीत बांधून कोळशाचं गोदाम केलं, आणि इनॉक कायमचा घरी आला. त्याच आठवड्यात डॉर्कसने परसात एक खोपटं बांधवून घेतलं आणि त्याची किल्ली त्याला दिली. तिथे तो लोकांच्या बादल्या दुरुस्त करतो. बोटं वाकलीत, नजर अजून तीक्ष्ण आहे. समुद्र सोडून काही वर्षं झाल्यावर एका ऑगस्टात भट्ट्या पेटल्या, तेव्हा तो एकाएकी खोपट्याबाहेर आला, वाऱ्यात तोंड करून उभा राहिला आणि पाच मिनिटं हलला नाही. मग आत जाऊन बायकोला म्हणाला, “हे तू इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपलीस?” डॉर्कस म्हणाली, हिवाळ्यात खिडकी उघडी का असते हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

जागा राहिली, नाव राहिलं, साठ साठ पिंपांत एक थेंब गळाला नाही. तरीही लंडनहून कुठलंही जहाज लागलं, की इनॉक धक्क्यावर जातो, ओळख नसलेल्या खलाशाची बाही धरतो आणि विचारतो. तपकिरी कोट, मध्यमवयीन, आता म्हातारा झाला असेल, बोलायला मऊ. असा कुणी भेटला का? भेटलाच, तर त्याला माझं नाव सांग, आणि माझ्यासाठी एवढंच विचारून ये: ते लोणी त्याने चाकाला लावलं, की पावाला? आणि पावाला लावलं असेल, तर लागलं कसं?